भावाच्या घरातला वाटा आणि निकाहनाम्याचा रकाना

अधिवेशन आलं की आपण नागपूरकर मोर्चे मोजतो. कोणता टेकडी रोडवर अडवला, कोणता मॉरिस कॉलेज टी पॉइंटला, कोणामुळे सीताबर्डीत तासभर अडकलो. १९८५ चा एक मोर्चा मात्र आपल्या मोजणीतून पार निसटला. कोल्हापूरहून नागपूरसाठी निघालेला तलाकमुक्ती मोर्चा. त्या वर्षी २३ एप्रिलला सुप्रीम कोर्टाने इंदूरच्या शाहबानोच्या पोटगीचा निकाल दिला होता, देशभर वाद पेटला होता, आणि मुस्लिम सत्यशोधक मंडळाची माणसं टाकलेल्या बायकांचं गाऱ्हाणं घेऊन महाराष्ट्र ओलांडत आपल्या शहराकडे निघाली होती. वाटेत विरोध झाला तो झालाच.

त्या चळवळीत पुण्याचे सय्यदभाई होते. पेन्सिलच्या कारखान्यात काम करणारा साधा माणूस. बहिणीला तलाक मिळाला आणि हा भाऊ पेटून उठला. 'दगडावरची पेर' हे त्यांचं पुस्तक सापडलं तर सोडू नका. २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, २०२२ मध्ये ते गेले.

त्याच्याही आधी हमीद दलवाई. १८ एप्रिल १९६६ ला मुंबईत विधिमंडळावर सात मुस्लिम बायकांचा मोर्चा गेला. फक्त सात! त्या सातांत दलवाईंची बायको मेहरुन्निसा होती. तेव्हा मुख्यमंत्री आपल्या पुसदचे वसंतराव नाईक. तोंडी तलाक बंद करा, एवढं सांगायला निघालेल्या त्या बायकांना उत्तर मिळायला २२ ऑगस्ट २०१७ उजाडला. ५१ वर्षं.

मला यात कायद्यापेक्षा वेगळंच दिसतं. एकाची बायको रस्त्यावर आली, एकाच्या डोळ्यासमोर बहिणीचा संसार मोडला. म्हणजे ही सगळी भानगड घरातल्या मायेतून सुरू झाली. आपल्याकडे मुस्लिम बाईचा विषय निघाला की तलाक नाहीतर बुरखा, तिसरा शब्द नाही. तिचं प्रेम, तिची सासू, तिचा भाऊ, याबद्दल कोणी विचारत नाही. मागे एका चॅनलवाल्याचा मला फोन आला होता, "मॅडम, तुमच्या इतवारीत बुरख्यातली रडणारी बाई मिळेल का? दोन मिनिटांचा बाइट पाहिजे." मी फोन ठेवला.

रडणारी नाही, पण शिवणारी आहे. आमच्या गल्लीत. फॉल-पिको, ब्लाऊज, लग्नसराईत लहंगे. सगळे तिला आपा म्हणतात, मीही. माहेर हेच, भावाच्या घराची वरची खोली. नवरा आठ वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात गेला तो गेलाच. तलाक नाही, पैसे नाहीत, फोन नाही.

आता २०१९ चा कायदा आला. तीन तलाक एका दमात म्हटला की नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. पण आपाचा नवरा काही म्हणालाच नाही ना! जो बोललाच नाही त्याला कोणत्या कलमात बसवता? तिन्हीवेळा ओरडणाऱ्यापेक्षा गुपचूप निघून जाणारा जास्त हुशार, आणि तो काही मुसलमानांतच असतो असंही नाही. बाईला अधांतरी लटकवून ठेवू नका असं कुरआनातही सांगितलेलं आहे, हे मला आपानेच सांगितलं. पाच वेळची नमाज तिची चुकत नाही. "अल्लाह से कोई शिकायत नहीं बाजी, शिकायत उस आदमी से है," असं म्हणते आणि पुन्हा मशीनवर पाय.

तिला रस्ता आहे. १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा. नवऱ्याने दोन वर्षं पोसलं नाही किंवा चार वर्षं त्याचा पत्ताच नाही, तर बाई स्वतः कोर्टात जाऊन लग्न मोडून घेऊ शकते. हे इंग्रजांच्या काळापासून आहे बरं का. पोटगीचंही १० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने पुन्हा स्पष्ट केलं, मुस्लिम बाईलाही ती मागता येते. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बाईला फुकट वकील देतं, उत्पन्नाचा दाखला न मागता. हे सगळं मी आपाला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तिने मलाच चहा पाजून परत पाठवलं.

का? एक कारण भाऊ. कोर्टात गेली की वकील विचारणार, राहता कुठे, घर कोणाचं. घर वडिलांचं. त्यांच्या मागे शरियतप्रमाणे मुलाच्या निम्मा का होईना, मुलीचा वाटा ठरलेला असतो. पण आखीव पत्रिकेवर एकट्या भावाचं नाव. आपाने कधी मागितला नाही. "भाई के घर में मेरा नाम लिखवाऊं, तो ईद पे किसके घर जाऊंगी?"

हसू नका. माझ्या आईनेही हक्कसोडपत्रावर सही केली आहे. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत भावाच्या बरोबरीचा हक्क दिला, आणि आमच्या इतवारीतल्या किती तरी आया-मावश्यांनी तो दिवाळीच्या ओवाळणीवर सोडून दिला. भाऊबीजेला उंबरठा उघडा राहावा म्हणून. धर्म दोन, कागद वेगळे, भीती तीच.

दुसरं कारण सासू. ही गोष्ट चॅनलवाल्याच्या कामाची नाही. नवरा गेला, पण सासू गेली नाही. म्हातारी मोमिनपुऱ्यात राहते. दरवर्षी ईदच्या आधी रिक्षाने येते, शेवया, खजूर, सुका मेवा, नातीसाठी कापड. मुलाचं नाव काढत नाही. आपा तिचे पाय चेपते, गोळ्या लावून देते. "मैंने कोर्ट में दावा डाला, तो अम्मी मेरे दरवाज्जे पे कौनसे मुंह से आएगी?" याला काय म्हणायचं? मी बरंच काही म्हणू शकते, पण त्या दोघींसमोर तोंडातून शब्द निघत नाही. माझं स्वतःचं मत अजूनही हेच की तिने दावा टाकावा.

आता आपाची मुलगी. बी.कॉम. झाली, एका दुकानात हिशेब पाहते. लग्न ठरलं, मुलगा तिनेच पसंत केलेला, घरच्यांना नंतर सांगितलं. आणि या पोरीने निकाहनाम्यात अट लिहायला सांगितली. नवऱ्याने दुसरा निकाह केला किंवा वर्षभर खर्च दिला नाही, तर तलाकचा हक्क बायकोकडे. याला तलाक-ए-तफवीज म्हणतात. शरियतमधलीच सोय आहे, आपल्या कोर्टांनीही मानलेली. पण ती मागायची म्हणजे शुभकार्यात अपशकुन.

मुलाकडचे गप्प बसले. मुलगा म्हणाला, चालेल. भडकली ती आपा! "निकाह से पहले ही तलाक की बात? लोग क्या बोलेंगे?" मायलेकी चार दिवस बोलत नव्हत्या. पोर माझ्याकडे येऊन बसली, "मौसी, अम्मी के निकाहनामे में ये रकाना खाली था. मेरा खाली नहीं रहेगा."

शेवटी मार्ग काढला मामाने. तोच, घराच्या कागदावर एकट्याचं नाव असलेला. मशिदीतून येताना काझीसाहेबांकडे गेला, विचारून आला, आणि वर येऊन बहिणीला म्हणाला, "लिखने में कोई हर्ज नहीं. तेरे टाइम पे मुझे मालूम नहीं था." आपा काही बोलली नाही. मशीनही बंद होती, एवढं पोरीने सांगितलं.

अट लिहिली जाणार आहे. मेहर उधार ठेवायची नाही, अर्धी तरी निकाहच्या वेळी रोख, हेही मामाच बोलला. म्हातारी आजी मोमिनपुऱ्यातून दोन दिवस आधी राहायला येणार. निकाह पुढच्या महिन्यात आहे, आपा नातेवाइकांचे कपडे शिवतेय आणि माझे दोन ब्लाऊज पंधरा दिवसांपासून तिच्याकडे तसेच पडून आहेत.