भिलारमध्ये सापडलेला शब्द

आमची शाळा उर्दू माध्यमाची, महाड तालुक्यात सावित्रीच्या खाडीकाठी. आमची मुलं घरी कोकणी बोलतात, सकाळी मकतबमध्ये अरबी वाचतात, शाळेत उर्दूतून शिकतात. मराठी आणि इंग्रजी हे त्यांचे विषय. दोन लिप्या उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या, दोन डावीकडून उजवीकडे. दहा वर्षांचं मूल हे सगळं पेलतं आणि तरीही आम्ही म्हणतो, "यांचं वाचन कच्चं आहे."

गेल्या जानेवारीत आम्ही दोघी शिक्षिका चौथी-पाचवीची अठ्ठावीस मुलं घेऊन भिलारला गेलो. पोलादपूरला मुंबई-गोवा महामार्ग सोडला की आंबेनळी घाट सुरू होतो. पहिल्या चार वळणांत गाणी झाली, पुढच्या चार वळणांत उलट्या. खाली दरी दिसू लागली तेव्हा आम्ही सांगितलं, आपल्या गावची सावित्री याच महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, हे तर पुस्तकात आहे!" पुस्तकातली गोष्ट खरोखर कुठेतरी असते, याचं त्याला नवल वाटलं होतं. आम्ही हसलो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, हे संध्याकाळी कळलं.

भिलार हे पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यापासून थोडं आत, स्ट्रॉबेरी पिकवणारं गाव. वेल्समधल्या 'हे-ऑन-वाय' या पुस्तकांच्या गावावरून कल्पना घेऊन राज्य सरकारने इथे 'पुस्तकांचं गाव' उभं केलं. ४ मे २०१७ रोजी त्याचं उद्घाटन झालं. सुरुवातीला गावातली २५ ठिकाणं आणि सुमारे १५ हजार पुस्तकं होती. कुणाच्या घरात कविता, कुणाकडे इतिहास, कुणाकडे बालसाहित्य. भिंती चित्रांनी रंगवलेल्या. कुणीही यावं, हवं ते पुस्तक काढावं, ओसरीत बसून वाचावं आणि जागेवर ठेवून जावं. पैसे पडत नाहीत.

आमच्या शाळेतही पुस्तकांचं कपाट आहे. त्याला कुलूप आहे. पुस्तकं फाटली तर हिशेब द्यावा लागेल, या भीतीने किल्ली आमच्याच पर्समध्ये असते. भिलारची उघडी कपाटं पाहून मुलं आधी आमच्याकडे बघू लागली, हात लावू का म्हणून. ती नजर आम्हाला टोचली.

बालसाहित्याच्या एका घरात पाचवीतली एक मुलगी ओसरीच्या टोकाला जाऊन बसली. मिनिटाला शब्द किती, या आमच्या तक्त्यात ही सगळ्यात पुढे. पण वाचून झाल्यावर प्रश्न विचारला की खाली मान. सहामाहीच्या पेपरात 'ओहोटी म्हणजे काय?' या प्रश्नासमोर तिने कोरी जागा सोडली होती, आणि आम्ही तिथे लाल पेनाने शून्य काढलं होतं.

तिने सवयीने पुस्तक मागच्या बाजूने उघडलं. घरातल्या आजी दारात बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय गं पोरी, शेवटाकडनं वाचतीस व्हय?"

"आमचं उर्दूचं पुस्तक इकडूनच सुरू होतं, आजी."

"आस्सं? मला काय, दोन्हीकडनं सारखंच. अक्षर-वळख न्हाई मला. तू वाच, मी ऐकते."

घरभर पुस्तकं आणि आजींना वाचता येत नाही! मुलीला ते फार आवडलं. ती वाचू लागली. गोष्ट एका होडीची होती. वर्गात वाचते तशीच ती भराभर, एका सुरात निघाली. आजींनी तिसऱ्या वाक्यालाच थांबवलं, "थांब की. ओहोटी म्हंजे काय गं? आमच्याकडं समुद्र न्हाई."

मुलगी गप्प झाली. आमच्या पोटात गोळा आला. तेच कोरं उत्तर पुन्हा. तिने पान जवळ धरलं. चित्रात चिखलात कलंडलेली होडी होती. एकदम ती ओरडली, "आजी, ही तर सुकती!"

मग ती जी बोलू लागली ती थांबेना. पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं. सुकती लागली की होडी चिखलात बसते. मग दादी कालवं काढायला जाते. भरतीची वेळ चुकली तर होडी काढता येत नाही. हे सगळं ती कोकणीत सांगत होती आणि सातारच्या आजींना ते कळत होतं.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आमच्या घरीही सुकतीच म्हणतात. उर्दूच्या तासाला आम्ही 'मद्द-ओ-जज़र' शिकवलं, मराठीच्या तासाला 'ओहोटी'ची व्याख्या फळ्यावर लिहून दिली. पण शाळेच्या खिडकीतून दिसणाऱ्या पाण्याकडे बोट दाखवून "हीच ती" असं एकदाही म्हटलं नाही. शून्य तिचं नव्हतं.

आमच्या लहानपणी कुवेतहून, दुबईहून पत्रं यायची. शेजारच्या चाची पत्र घेऊन आमच्याकडे यायच्या आणि आम्ही वाचून दाखवायचो. त्या मधेच थांबवायच्या, "म्हणजे काय म्हणतोय तो?" त्या प्रश्नांनीच आम्ही वाचायला शिकलो, असं आता वाटतं. आज आमच्या मुलांचे अब्बा मोबाईलवर आवाज पाठवतात. पत्र गेलं, आणि मुलाला थांबवून विचारणारी चाचीही गेली.

'इक्रा' या शब्दाने वह्य सुरू झाली, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. पण समजून वाचणं म्हणजे काय, हे शिकवताना आपण कमी पडतो.

परत आल्यावर कपाटाचं कुलूप काढलं. आतापर्यंत चार पुस्तकं फाटली, मुलांनीच ती चिकटवली. वर्गात एक वही ठेवली आहे, तीन रकान्यांची: घरचा शब्द, उर्दू शब्द, मराठी शब्द. पहिल्या ओळीत सुकती आहे. आता मुलं दादी-नानीला विचारून शब्द आणतात आणि आमच्याही ओळखीचे नसलेले निघतात.

पालकसभेत अनेक अम्मी म्हणतात, "आम्हाला कुठे एवढं मराठी येतं? आम्ही काय शिकवणार?" त्यांना आम्ही भिलारच्या आजींची हकीकत सांगतो. स्वयंपाक करताना मुलाला शेजारी बसवा, वाचायला सांगा आणि मधे दोनदा विचारा, "म्हणजे काय रे?" उत्तर घरच्या बोलीत आलं तर उत्तमच. एवढ्यासाठी अक्षर-ओळखसुद्धा लागत नाही.