तापल्या धातूचे माप

आम्ही टर्नर झालो तेव्हा आमची आजी शेजाऱ्यांना त्याचा अर्थ ‘कातारी’ असा सांगे. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी घडताना तिने पाहिली होती. तिचे फारसे चुकत नव्हते. लाकूड असो वा धातू, जिन्नस फिरतो आणि हत्यार त्यास कातते. मात्र लाटणे केसभर बारीक झाले म्हणून पोळी बिघडत नाही.

१९७८ साली आम्ही पेडण्याहून वास्कोस एका जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात लागलो. जुवारीवरील पूल १९८३ चा. त्यापूर्वी आगशीहून कुठ्ठाळीस फेरीबोटीने उतरावे लागे. डिचोली तालुक्यातील खनिज आमोणे, सारमानस येथे बार्जींत भरून मुरगाव बंदरात येई, आणि पावसाळ्यात मांडवीचे मुख खवळले म्हणजे याच बार्जी कुंभारजुव्याच्या खाडीतून जुवारीत उतरत. त्यांच्या दुरुस्तीवर आमचे पोट चाले.

बार्जीच्या पंख्याचा दांडा मागल्या नळीतून पाण्यात जातो. त्या नळीत गनमेटलचा बुश बसवितात. तो बाहेरून नळीत घट्ट बसावा, आतून मात्र दांडा सुखाने फिरावा. मे महिन्यात असा एक बुश, सुमारे २०० मिलिमीटर व्यासाचा, आमच्या लेथवर आला. मालकाचा माणूस दाराशी ताटकळत होता. आम्ही जाड कात उतरवून लगेच शेवटची बारीक कात घेतली. मायक्रोमीटरने माप अचूक दाखविले. आम्ही खूश!

दुसऱ्या दिवशी सकाळी सहज पुन्हा मोजले, तो माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने सात भाग कमी! रात्रीत धातू निवला होता. एवढ्या व्यासाचा गनमेटल वीस अंशांनी तापला की जवळजवळ तितकाच फुगतो. आता तो नळीत सैल बसणार, दांड्याबरोबर हलणार, आणि एके दिवशी भर प्रवाहात नळीतून पाणी आत येणार. त्या बार्जीवर सात-आठ खलाशी राहत, तेथेच रांधीत आणि निजत.

बाजूच्या सोबत्याने हळूच उपाय सुचविला. बाहेरच्या अंगावर पंचाने बारीक टिंबे मारावीत; कडा वर येतात, बुश घट्ट जातो आणि चाचणीत कोणाच्या लक्षात येत नाही. खोटे का सांगावे? आम्ही पंच हातात घेतला होता. पहिलाच पगार घरी पाठवावयाचा होता, आणि त्यातून धातूचे दाम कापले जाईल ही धास्ती होती. दहा मिनिटे तरी आम्ही तसेच उभे होतो.

शेवटी मेस्तांकडे गेलो. “मेस्त, बुश गेला. माप चुकले.”

त्यांनी बुशावरून हात फिरविला. “काल माप घेतलेस तेव्हा हाताला कसा लागत होता?”

“ऊन लागत होता.”

“मग मायक्रोमीटर उचललास कशाला, बाबा? आधी चहा घ्यायचा.”

त्यांनी आवाज चढविला नाही, हेच आम्हांस अधिक झोंबले. मालकाच्या माणसाला त्यांनी स्वतः जाऊन सांगितले. त्याने आकांडतांडव केले आणि बार्ज दोन दिवस अडकली. पगारातून काही रक्कम गेली, पण भीती होती त्याहून पुष्कळ कमी. उरलेली कोणी भरली, हे मेस्तांनी कधी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. विचारावयास हवे होते.

तोच बुश वितळवून नवा ओतला. मापासाठी जगभर वीस अंश तापमान प्रमाण मानतात. वास्कोच्या मे महिन्यात ते कोठून मिळणार? पण जिन्नस आणि माप घेण्याचे साधन दोन्ही सारखी निवलेली तरी असावीत. जाड कात झाल्यावर आम्ही तीन चहा घेतले. मग तळहात ठेवला, थांबलो, पुन्हा ठेवला. शेवटची कात उतरली ती दिवेलागणीला.

तिसऱ्या दिवशी बार्ज रिकामीच आमोण्याकडे निघाली. धक्क्यावरून आम्ही पंख्यामागचे पाणी पाहत राहिलो, तोच मेस्तांनी दुसरे काम आणून लेथवर ठेवले.