भोपळ्याची तहान

भोपळ्याचे मराठी भाषेवर फार उपकार आहेत. गणितात गटांगळी खाणाऱ्या मुलाला तो मिळतो, विळ्याशी त्याचे सख्य सर्वश्रुत आहे, आणि लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीला वाघापासून वाचवणारे वाहनही तोच. परदेशात तर राक्षसी भोपळ्यांच्या स्पर्धा भरतात. 2023 साली कॅलिफोर्नियातल्या स्पर्धेत एक भोपळा 1,247 किलो भरला. त्यात म्हातारीच काय, वाघही बसला असता! पण भोपळ्यात शंभरातले नव्वद भाग निव्वळ पाणीच असते. तेव्हा भोपळा केवढा व्हावा, हा प्रश्न शेवटी पाण्याचा. तो मला पडला नांदेडला, आणि त्याचे उत्तर मिळाले लातूरला.

नांदेडला आमच्या घरामागे काळ्या मातीचा एक तुकडा होता. शेजारी एक वृद्ध शेतकरी राहत. मी हातात झारी घेऊन निघालो की ते कुंपणापलीकडून विचारीत, "मास्तर, तहान कोणाला लागली? मातीला, का तुम्हाला?" मग चार बोटे खोल उकरून मूठभर माती दाबायला सांगत. मुठीत लाडू वळला, तर झारी परत न्यायची. माती भुरभुर सुटली, तर पाणी द्यायचे. काळ्या मातीचे कण अतिबारीक. पाणी धरून ठेवतात, ओल्या झाल्या की फुगतात, वाळल्या की भेगा पडतात. तिला रोज पाणी पाजले, तर मुळांना हवा मिळत नाही आणि वेल कुजतो. आठ-दहा दिवसांनी एकदा पोटभर द्यावे, हे बरे. फळ धरल्यावर मात्र उपास आणि मेजवानी असा प्रकार चालत नाही. कडक उन्हाळ्यानंतर एकदम धो धो पाणी मिळाले, की फळ तडकते.

पुढे बदली लातूरला झाली. तिथल्या आमच्या अंगणात वीतभर माती आणि खाली मुरूम. नांदेडचे बी तिथे लावले, आणि हिशेब बदलला. तसे पाहिले तर वेलाची भूक तीच. आठवड्याला इंचभर, म्हणजे 25 मिलिमीटर पाणी धरा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. मुळे चार चौरस मीटर पसरली, तर शंभर लिटर झाले. काळ्या मातीत हे एकदम देता येते. मुरमाड जमिनीत मात्र एकदम दिलेले पाणी मुळांना ओलांडून खाली निघून जाते. तेच तीन-चार वेळा वाटून द्यावे लागते.

हा हिशेब मी मोठ्या ऐटीत वहीत मांडला, तो 2016 चा उन्हाळा. मांजरा धरण कोरडे पडले होते. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू झाली होती. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची आगगाडी आली, दहा डबे, पाच लाख लिटर. शहराची वस्ती चार लाखांच्या आसपास. म्हणजे माणशी सव्वा लिटर! वहीतले माझे शंभर लिटर मी त्या सव्वा लिटरने भागले. एका वेलाच्या आठवड्यात ऐंशी माणसांचा वाटा निघाला. वही मिटली.

"अहो, आता तुमच्या भोपळ्याचे काय?" सौ.ने विचारले. वेलाला तीन फळे धरली होती. आम्ही ठरवले, की प्यायच्या घागरीतला थेंबही वेलाला द्यायचा नाही. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी काय ते त्याचे. दिवसाला चार-पाच लिटर, म्हणजे गरजेच्या तिसरा हिस्सा. दोन कोवळी फळे तोडून त्यांची भाजी केली. राक्षसी भोपळे वाढवणारे हौशी लोकही वेलावर एकच फळ ठेवतात. ते विक्रमासाठी, आम्ही टंचाईपायी. मुळाशी एक मडके गळ्यापर्यंत पुरले, त्यात ते पाणी ओतले आणि वर झाकण ठेवले. मडके पाझरते, पण बेताने. भोवती रसवंतीवरून आणलेली चिपाडे पसरली, म्हणजे ऊन मातीला भिडू नये.

भोपळा सात किलोचा झाला. म्हणजे घरच्या धुवणातले सहा-साडेसहा लिटर पाणीच त्याने साठवून परत दिले म्हणा ना! सौ.ने घारगे केले, उरलेल्या फोडी गल्लीतल्या घरोघर पोचल्या. त्या दिवसांत टँकरच्या रांगेत एकमेकींशी भांडलेल्या बायकांनी त्या हसत पदरात घेतल्या.

कोणी अजूनही मला विचारतात, भोपळ्याला पाणी किती घालावे? मी सांगतो, पाणी केव्हा घालावे हे मातीला विचारा. आणि भोपळा केवढा करावा, हे घागरीला.