विचारणाऱ्यानं आधी सांगायचं



यावेळचं पोस्टिंग रायपूर. एनसीसीत पीआय स्टाफ, म्हणजे कॉलेजच्या पोरापोरींना ड्रिल आणि हत्यार शिकवायचं काम. मुलांची शाळा मोडायला नको म्हणून कुटुंब गावीच आहे. मी समता कॉलोनीत एक खोली भाड्यानं घेतली आहे. शेजारच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळ आहे, १९३५ पासूनचं, तिथं गेलं की मराठी कानावर पडतं. एरवी संध्याकाळी सातनंतर खोलीत मी आणि माझा फोन.

त्या फोनमध्ये आमचा नऊ जणांचा गट आहे. चार नोकरीत, पाच पेन्शनवर. कुणी इन्फंट्रीचा, कुणी सिग्नलचा, कुणी ईएमईचा. कुणाचा तरी कोर्समेट, त्याचा गाववाला, असं करत जमलेले. एकमेकांना समोरासमोर पाहिलेले फार थोडे. पहिले सहा महिने नुसते सुप्रभातचे फोटो आणि ओआरओपीच्या पीडीएफ फिरत होत्या. मग ईएमईच्या एका निवृत्त सुभेदार साहेबांनी शनिवारचा प्रश्न सुरू केला. रात्री नऊला एकानं एक प्रश्न टाकायचा. अट एकच, विचारणाऱ्यानं स्वतःचं उत्तर आधी लिहायचं.

पहिला प्रश्न होता, पहिल्या पगारातून घरी काय नेलं? साहेबांनी लिहिलं, वडिलांचं सोसायटीचं थकलेलं कर्ज भरलं, पावती अजून काळ्या ट्रंकेत आहे. त्यानंतर कुणाला विनोद करायचं सुचलं नाही. सगळ्यांनी खरं लिहिलं.

पुढं एकदा प्रश्न आला, पेन्शनवर आल्यावर घरात सगळ्यात अवघड काय गेलं? सिग्नलच्या एका हवालदारांनी उत्तर दिलं, "घरात माझी बसायची जागा नव्हती. चोवीस वर्षं बायकोनं घर चालवलं. जेवायला कोण कुठं बसतं ते ठरून गेलं होतं. मी पाहुण्यासारखा पलंगाच्या कडेला बसायचो." या माणसाला मी कधी भेटलेलो नाही, पण त्या रात्रीपासून तो मला माझ्या सख्ख्या चुलतभावापेक्षा जास्त ठाऊक आहे.

मानसशास्त्रात यावर काम झालेलं आहे. अमेरिकेत आर्थर अॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी माणसांच्या जोड्या लावल्या आणि त्यांना ३६ प्रश्न दिले, साध्यापासून खोल जाणारे, तीन टप्प्यांत. वेळ साधारण पाऊण तास. नुसत्या इकडच्या तिकडच्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा या जोड्यांना एकमेकांबद्दल जास्त जवळीक वाटली. त्यातही प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दोघांनी द्यायचं होतं. एक विचारतोय आणि दुसराच बोलतोय, तर ती चौकशी होते.

फौजेला हे जुनंच आहे. नवीन जवान युनिटमध्ये आला की साहेब इंटरव्ह्यू घेतात. घरी कोण आहे, शेती किती, भावाभावांत वाद आहे का, मुलं कितवीत? बाहेरच्याला हे खाजगी वाटेल. पण बांधाचं भांडण सांगितलं तर साहेबांना जिल्हा सैनिक बोर्डाला पत्र लिहावं लागतं, सुट्टीचा विचार करावा लागतो. विचारलं की विचारणारा बांधला जातो. बडीचंही तसंच. त्याला माझ्या घरचं सगळं माहीत असतं, कारण वेळ आली तर माझ्या घरी त्यालाच जावं लागणार असतं.

याच्या उलटी बाजूही आपल्याला चांगली माहीत आहे. डिसेंबर २०१९ मध्ये नौदलानं फेसबुकवर बंदी घातली. जुलै २०२० मध्ये सैन्यानं ८९ ॲप फोनमधून काढायला लावली, त्यात फेसबुक आणि इन्स्टाग्रामही होतं. मे २०२३ मध्ये पुण्यात डीआरडीओच्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञांना महाराष्ट्र एटीएसनं अटक केली. समाजमाध्यमावर ओळख झालेल्या पाकिस्तानी हस्तकाला माहिती दिल्याचा त्यांच्यावर आरोप आहे. अशी ओळख बंदुकीनं होत नाही. "जेवलास का" नं होते. एकट्या माणसाला कुणीतरी विचारलेलं बरं वाटतं, आणि पोस्टिंगवरचा माणूस एकटाच असतो.

परवा सायबर सुरक्षेच्या तासाला एका कॅडेटनं मला विचारलं, "सर, ऑनलाइन दोस्त असली है या नकली, कैसे पता चले?" प्रश्न लेक्चरच्या कागदात नव्हता. मित्र तुमच्या काल-परवाबद्दल विचारतो, जाळं टाकणारा तुमच्या उद्याबद्दल, असं मी सांगू लागलो. गावच्या विहिरीची चौकशी मित्र करतो. कुठं आहात, कधी निघणार, फोटोत मागं दिसतो तो डोंगर कोणता, हे दुसराच विचारतो. ती म्हणाली, "लेकिन वो भी तो अपने बारे में बताता है, सर. फोटो भी भेजता है."

पोरीचं बरोबर होतं. नुसतं स्वतःबद्दल आधी सांगितल्यानं भरवसा ठेवता येत नाही. खोटा माणूसही सांगतो, आणि फार गोड सांगतो.

उत्तर तिच्याच घरी सापडलं. तिची आजी एका बाईला नावानं हाक मारत नाही, "भोजली" म्हणते. छत्तीसगडात याला मितान बदना म्हणतात. टोपलीत गव्हाचे अंकुर उगवतात, ती भोजली. राखीच्या दुसऱ्या दिवशी तिचं विसर्जन होतं आणि मैत्रिणी ते अंकुर एकमेकींच्या कानामागं खोचतात. कुणी जगन्नाथपुरीचा महाप्रसाद देऊन मितान होतं. पुढं जन्मभर एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, भेटलं की "सीताराम भोजली", "सीताराम महापरसाद". जात वेगळी असली तरी चालते. दोन्ही घरं नातेवाईक होतात, लग्नाला आणि मयताला हजर राहतात. २००२ पासून राज्यानं गावोगाव आरोग्याचं काम करणाऱ्या बायका नेमल्या, त्यांचं नावही मितानिन ठेवलं.

हे नातं चार माणसांच्या देखत होतं. कोण कुणाचा मितान हे गावाला माहीत असतं. फोनवरच्या खोट्या मित्राला नेमकं हेच नको असतं. "आपल्या दोघांतच ठेव" हे त्याचं पहिलं मागणं. म्हणून आमच्या गटात दोन नियम आहेत. नवीन माणसाला आमच्यापैकी एकानं तरी समोरासमोर भेटलेलं असलं पाहिजे. आणि युनिट, जागा, हालचाल यांबद्दल कुणी कुणाला विचारायचं नाही, गमतीतही नाही. बाकी आयुष्य खुलं.

मागच्या पावसाळ्यात सिग्नलच्या त्याच हवालदारांचं शनिवारी उत्तर आलं नाही. ते कधी चुकत नसत. साडेदहाला फोन लावला, नुसतीच रिंग. पत्ता कुणाकडेच नव्हता, फक्त तालुक्याचं गाव माहीत होतं. मग एकाला आठवलं. मार्चमध्ये प्रश्न होता, रात्री दोनला अडचण आली तर पहिली हाक कुणाला माराल? त्यांनी लिहिलं होतं, "बायको मागच्या वर्षी गेली. मुलगा पुण्याला. एसटी स्टँडसमोरच्या मेडिकलवाल्याला मारीन."

स्टँडसमोर मेडिकलची तीन दुकानं निघाली. तिसऱ्याला फोन लागला तेव्हा तो शटर ओढत होता. तसाच मोटारसायकल काढून गेला. दाराला आतून कडी. शेजाऱ्यांना घेऊन मागच्या बाजूनं आत शिरले. हवालदार साहेब सकाळपासून न्हाणीत पडून होते, खुब्याचं हाड मोडलेलं. फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावलेला, वाजत होता तो त्यांना ऐकू येत होता.

ऑपरेशन झालं. आता काठी घेऊन चालतात. मेडिकलवाल्याला मात्र अजून कोडं पडलं आहे, की साताठशे किलोमीटरवरून फोन करणाऱ्या माणसाला त्याचं दुकान कसं माहीत.

दवाखान्यातूनच त्यांनी पुढच्या शनिवारचा प्रश्न टाकला. तुमच्या घराची दुसरी किल्ली कुणाकडे असते? आणि नियमाप्रमाणे आधी स्वतः लिहिलं, "आजपासून मेडिकलवाल्याकडे."

तोच प्रश्न आज तुम्हालाही विचारतो. पेन्शनवरच्या, एकट्या राहणाऱ्या माझ्या सीनियर मंडळींना तर जास्तच. माझं उत्तर आधी देतो. समता कॉलोनीतल्या खोलीची दुसरी किल्ली खालच्या मजल्यावरच्या आंटींकडे आहे. आणि त्यांच्याकडे माझ्या बायकोचा नंबर आहे.

जय हिंद.