पंचेचाळिसाव्या वर्षीचा ठोसा

आपल्या मराठी घरांत क्रिकेटवर तासन् तास गप्पा रंगतात, पण 'मला बॉक्सिंग आवडते' असे म्हटले की समोरचा जरा दचकूनच बघतो. तरीही मी या खेळाचा चाहता आहे. त्याला कारण ५ नोव्हेंबर १९९४ रोजी लास व्हेगासला झालेली हेवीवेट विश्वविजेतेपदाची लढत. त्या वेळी मी भारतात नववीत होतो आणि वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावर ती बातमी वाचली होती. आता मीही पंचेचाळिशीत आलो, म्हणून परवा ती संपूर्ण लढत पुन्हा पाहिली. सोबत माझी नऊ वर्षांची लेक होती.

एका बाजूला विजेता मायकेल मूरर. वय २६, डावखुरा, ३५ लढतींत एकदाही न हरलेला. दुसऱ्या बाजूला जॉर्ज फोरमन. वय ४५, डोक्याचा तुळतुळीत गोटा, वजन २५० पौंड. नऊ फेऱ्यांत मूररने त्याला भरपूर ठोसे मारले. तिन्ही पंचांच्या गुणांत मूररच पुढे होता. फोरमनला त्याच्याइतके चपळ होणे शक्य नव्हते आणि त्याने तसा प्रयत्नही केला नाही. तो शांतपणे समोर उभा राहिला, डाव्या हाताने ठोसे मारत राहिला. दहाव्या फेरीत उजव्या हाताचा एक आखूड ठोसा मूररच्या हनुवटीवर बसला. मूरर पाठीवर पडला, दहा आकडे मोजून झाले, आणि फोरमन आपल्या कोपऱ्यात जाऊन गुडघ्यांवर बसला. मी सोफ्यावरून उडीच मारली!

लेकीने मात्र विचारले, "बाबा, तो पडलेला काका उठला का?"

मूरर उठला. १९९६ साली जर्मनीत जिंकून तो पुन्हा विश्वविजेता झाला. हे ऐकून तिचे समाधान झाले. मग मी तिला सांगितले की, फोरमन स्वतःही एकदा असाच पडला होता. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी झाईरची राजधानी किन्शासा येथे मुहम्मद अलीने आठव्या फेरीत त्याला खाली पाडून त्याचे विजेतेपद घेतले. १९७७ साली त्याने खेळ सोडला आणि तो ह्यूस्टनमध्ये धर्मोपदेशक झाला. तिथे त्याने मुलांसाठी एक केंद्र काढले. त्या केंद्राला पैसे हवेत म्हणून तो १९८७ साली रिंगमध्ये परतला. नंतरही तो दोन मोठ्या लढती हरला. लास व्हेगासला त्याच्या अंगावर किन्शासाचीच लाल चड्डी होती, आणि त्याच्या कोपऱ्यात अँजेलो डंडी उभे होते. वीस वर्षांपूर्वी हेच डंडी अलीच्या कोपऱ्यात होते.

आमच्या घरात यावर एकमत नाही. लेकीच्या आईचे म्हणणे, "एकमेकांच्या डोक्यावर मारायचे, त्याला खेळ कसे म्हणायचे?" अलीला १९८४ साली पार्किन्सन्सचे निदान झाले, हे ती मला नेहमी ऐकवते. तिचे म्हणणे मला खोडून काढता येत नाही. माझ्या आनंदात ही टोचणी असतेच, आणि ती असावी असेही मला वाटते.

म्हणून मी लेकीला आणखी एक चित्रफीत दाखवली. किन्शासाच्या लढतीवरील 'व्हेन वी वेअर किंग्ज' या माहितीपटाला १९९७ साली ऑस्कर मिळाले. त्या समारंभात अलीला मंचाच्या पायऱ्या चढणे जड जात होते. त्याला हात देऊन वर नेणारा माणूस होता जॉर्ज फोरमन.

२१ मार्च २०२५ रोजी फोरमन गेला. सर्वांत जास्त वयाचा हेवीवेट विजेता हा विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे. मुलांना ही लढत दाखवायची की नाही, ते प्रत्येक घराने ठरवावे. पण दाखवलीत, तर त्या पायऱ्याही जरूर दाखवा.