चांदवडची शेलापागोटी

नाशिकहून आग्रा रस्त्याने निघाले की आडगाव, ओझर, पिंपळगाव बसवंत ही द्राक्षांनी आणि टोमॅटोंनी संपन्न झालेली गावे एकामागून एक मागे पडतात. वडाळीभोई ओलांडल्यावर जमिनीचा रंग उतरतो, हिरवळ विरळ होते, कातळमाथ्याचे डोंगर रस्त्याच्या जवळ सरकू लागतात आणि सुमारे ६५ किलोमीटरांवर चांदवड येते. येथे येणारा पाहुणा डोंगराच्या कुशीतील रेणुकामातेचे दर्शन घेतो. सवड असेल तर गावात शिरून अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल, त्यातील कोरीव खांब आणि भिंतींवरील चित्रे पाहतो. आपल्या समाजाचा असेल तर डोंगरातील जैन लेणे आणि पूज्य काकाजींनी, म्हणजे कर्मवीर केशवलालजी आबड यांनी, १९२८ साली स्थापिलेला नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम पाहिल्यावाचून परतत नाही. जुन्या नाण्यांचा नाद असणारे लोक येथील टांकसाळीत पडलेल्या चांदवडी रुपयाची आठवण काढतात. या सर्व गोष्टींवर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. माझा विषय फार लहान आहे. १९९१ च्या मार्चमध्ये शालान्त परीक्षेस बसलेला चांदवडमधील एक वर्ग, आणि त्या वर्गाने निरोप समारंभात एकमेकांना दिलेली शेलापागोटी, एवढाच.

नव्या पिढीच्या वाचकांसाठी थोडा खुलासा केला पाहिजे. शेला आणि पागोटे देऊन गुणी माणसाचा सन्मान करावा, ही आपल्याकडची जुनी रीत. शाळा-महाविद्यालयांनी त्या सन्मानाला गमतीचे वळण दिले. वर्गातील कोणाहीविषयी निनावी चिठ्ठी लिहावयाची, ती डब्यात टाकावयाची आणि समारंभात ती सर्वांसमक्ष वाचली जावयाची. मोठ्या शहरांतील मुले याला फिशपॉन्ड म्हणत. आमच्या मराठीच्या गुरुजींना तो शब्द मान्य नव्हता. फळ्यावर त्यांनी मोठ्या अक्षरांत ‘शेलापागोटी’ असे लिहिले आणि खाली तीन अटी घातल्या. कोणाच्या अंगकाठीवर किंवा वर्णावर लिहू नये. जातीवर लिहू नये. कोणाच्या वडिलांच्या उधारीवर लिहू नये.

पहिल्या दोन अटी कोणत्याही शाळेत घालता येतील. तिसरी मात्र चांदवडसारख्या व्यापारी गावातच सुचावी. आमच्या वर्गात निम्मी मुले दुकानदारांची, आडत्यांची, कापड-किराण्याच्या व्यापाऱ्यांची होती. उरलेली आसपासच्या खेड्यांतून सायकलीने किंवा एस. टी. ने येणारी शेतकऱ्यांची. एका बाकावर बसणाऱ्या दोन मुलांपैकी एकाच्या वडिलांचे नाव दुसऱ्याच्या वडिलांच्या खतावणीत असे. दोघांनाही ते ठाऊक असे आणि दोघेही त्याविषयी चकार शब्द काढीत नसत. खतावणीतील पान जिभेवर येऊ नये, इतका शहाणपणा गावातील मुलांना फार लवकर येतो.

समारंभ फेब्रुवारीच्या आरंभी झाला. अल्पोपाहाराच्या समितीत प्रथमच मोठा वाद झाला. बाजारात लाल कांद्याचे ढीग लागलेले असताना कांदाभजी का नाहीत, असा खेड्यातील मुलांचा रास्त प्रश्न होता. निम्मा वर्ग कंदमूळ खात नाही, असे उत्तर आले. अखेर मुगाची भजी ठरली. ‘कांद्याच्या गावात मुगाची भजी’ हे त्या दिवसाचे पहिले शेलापागोटे होते आणि ते संपूर्ण वर्गाला मिळाले.

चिठ्ठ्यांचा डबा बिस्किटांचा होता. पहिला मान आमच्यातील एका कापड दुकानदाराच्या मुलाला मिळाला. घरी चोविहाराचा कडक नियम असल्याने सूर्यास्ताची वेळ याला मिनिटांसकट पाठ असे. सायंकाळच्या क्रिकेटमध्ये तो पन्नाशीच्या जवळ पोहोचला तरी एकदम बॅट टाकून घराकडे धाव घेई. प्रतिपक्षाने याचा अचूक लाभ उठविला होता. त्याला बाद करण्याच्या भानगडीत न पडता ते नुसती वेळ काढीत. त्याची चिठ्ठी अशी होती: ‘आजवर गोलंदाजाने नव्हे, सूर्याने बाद केलेला जगातील एकमेव फलंदाज.’ आज नाशिकच्या मेन रोडवर त्याचे दुकान आहे. दिवे लागले की गिऱ्हाइकाची खरी वर्दळ सुरू होते आणि त्याच सुमारास हे गृहस्थ जेवणाचा डबा उघडून बसतात, असे त्यांचे चिरंजीव तक्रारीच्या सुरात सांगतात.

रेणुकामातेच्या पायथ्याशी प्रसादाचे दुकान असणाऱ्याच्या मुलाला ‘शाळेचा पुरवठा अधिकारी’ ही पदवी मिळाली, कारण क्रीडादिनाचा नारळ असो की वर्गशिक्षकांच्या सत्काराचे श्रीफळ, ते त्याच्याकडूनच येई. एका मुलाला केवळ ‘हजर’ एवढीच चिठ्ठी होती. तो वर्षभर तेवढेच बोलला होता.

राहुड घाटाच्या बाजूने येणारा एक ट्रकचालकाचा मुलगा होता. त्याला आम्ही ‘घाट’च म्हणत असू. गाडी न पाहता नुसत्या भोंग्यावरून ती कोणत्या बनावटीची आहे, भरलेली की रिकामी, आणि चालक नवखा की मुरलेला, हे तो वर्गात बसल्या बसल्या सांगे. त्याकाळी महामार्ग शाळेच्या हाकेवर होता, त्यामुळे गणिताच्या तासाला त्याला विपुल सामग्री मिळे. घाटात गाडी उलटली की दुसऱ्या दिवशी त्याच्याभोवती कोंडाळे जमे. रस्त्यावर कशाची पोती सांडली, हा आमचा पहिला प्रश्न असे. चालकाचे काय झाले, हे तो आपण होऊन सांगे. त्याची चिठ्ठी कोणी लिहिली ते कळले नाही, पण तीत विनोद नव्हता. ‘तुझे वडील घाटातून सुखरूप आले की आम्हालाही बरे वाटते’ असे लिहिले होते. गुरुजींनी ती वाचली आणि काही न बोलता पुढची उचलली. पुढे घाटने महामार्गालगत टायरचे दुकान टाकले. रस्ता चौपदरी झाल्यावर गाड्या गावाकडे न पाहता पुढे निघून जाऊ लागल्या, तेव्हा त्याचा धंदा दोन वर्षे बसला. आता तो स्वतः गाडी घेऊन बिघडलेल्या ट्रकपर्यंत जातो. ‘गिऱ्हाईक थांबत नाही, तर मी चालतो,’ असे तो म्हणतो.

प्रस्तुत लेखकालाही चिठ्ठी होती. आमचे किराण्याचे दुकान. ‘याच्याकडून पेन्सिल उसनी घेऊ नये. देताना हसतो आणि मागे वळून वहीत नाव लिहितो.’ वर्ग हसला. मी वहीत तशी नावे खरोखरच लिहीत होतो, आणि वर्षअखेरीस एकही पेन्सिल बुडाली नव्हती.

आता मुख्य गोष्ट. कांद्याच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा आमच्या वर्गात होता. त्याला ‘भाववाढ’ म्हणत. सकाळी शाळेत येण्यापूर्वी तो खळ्यावर चक्कर मारून येई. लासलगावला काय निघाले, मनमाडला काय, पिंपळगावला काय, हे त्याला प्रार्थनेच्या आधी ठाऊक असे. गुरुजींनी भूगोलात नाशिक जिल्ह्यातील पिके विचारली, तर हा पिकासह भाव सांगे. गंमत अशी की, याने आयुष्यात कांदा चाखलेला नव्हता. दिवसभर ज्या मालाची धूळ अंगावर घ्यावयाची, तो घराच्या उंबऱ्याआत आणावयाचा नाही, ही आपल्याकडील कित्येक घराण्यांची रीत अन्य प्रांतांतील माणसाला सांगून पटत नाही.

त्याच्या नावाची चिठ्ठी गुरुजींनी उलगडली, मनातल्या मनात वाचली आणि डब्यात परत न टाकता हातात धरून ठेवली. वर्ग शांत झाला. भाववाढ उभा राहिला व म्हणाला, “गुरुजी, माझी आहे ना? मग वाचा.” गुरुजी म्हणाले, “तिसऱ्या अटीच्या काठावर आहे.” तो म्हणाला, “काठावर आहे ना? आत नाही ना?” गुरुजींनी वाचली: ‘आमचा कांदा मळ्यात एक मण भरतो, याच्या खळ्यावर पस्तीस किलो होतो. मधले पाच किलो कोण खातो? हा तर कांदा खात नाही!’

क्षणभर कोणाला हसावे की नाही ते समजेना. पोत्यामागे कडता कापण्याची रूढी सर्वांना माहीत होती. मापाऱ्याच्या हाताकडे पाहत उभे राहणारे आपले वडीलही अनेकांनी पाहिले होते. पहिला हसला तो स्वतः भाववाढ, आणि मग छप्पर उडेल असा हशा झाला. चिठ्ठी कोणाची हे अक्षरावरून सगळ्यांना कळले होते. वर्गात मोत्यासारखे अक्षर एकाचेच होते, आणि त्याच्या वडिलांची बैलगाडी दर हंगामात त्याच खळ्यावर सुटत असे.

भाववाढने पुढील हकिगत मला नंतर सांगितली. सायंकाळी जेवताना त्याने ती चिठ्ठी वडिलांना जशीच्या तशी ऐकवली. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. ताट स्वच्छ करून, धुऊन पिऊन झाल्यावर त्यांनी विचारले, “लिहिणाऱ्याचे अक्षर कसे आहे?”

“चांगले आहे.”

“मग लिहू दे त्याला.”

एवढेच. त्या हंगामात कडता कमी झाला की नाही, हे मी विचारले नाही. विचारण्याची माझी प्राज्ञा नव्हती. इतके मात्र माझ्या डोळ्यांनी पाहिले की, मार्चमध्ये उन्हाळ कांद्याची काढणी आणि शालान्त परीक्षा नेहमीप्रमाणे एकत्र आल्या, आणि मोत्यासारख्या अक्षराचा तो मुलगा पेपर नसलेल्या दिवशी गाडीबरोबर खळ्यावर आला, तेव्हा भाववाढ ‘२१ अपेक्षित’ बाजूला ठेवून स्वतः काट्यापाशी जाऊन उभा राहिला.

दोघेही आज तेथेच आहेत, हे विशेष. एकाने वडिलांचे खळे चालविले, दुसऱ्याने शेत. शिवाय दोन मोठ्या चाळी बांधल्या. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि भाव कोसळले, तेव्हा मी दोघांना दूरध्वनी केला. एक म्हणाला, माल गोदामात आहे आणि परदेशी गिऱ्हाईक हातचे जाते. दुसरा म्हणाला, माल शेतात आहे आणि मजुरीही निघत नाही. एकमेकांविषयी दोघांनीही तक्रार केली नाही. मे २०२४ मध्ये बंदी उठेपर्यंत, इतरांशी वाद घालून थकले की दोघे संध्याकाळी चहाला एकत्र बसत, असे कळते. आता ट्रॅक्टर भरल्या मालासह भुईकाट्यावर चढतो, आकडा दिव्यांत उमटतो, हाताच्या काट्याला जागा उरलेली नाही. तरीही शेतकरी मित्र काट्यावरून उतरताना मोठ्याने विचारतो, “पाच किलो कोण खातो रे?” नवे हमाल गोंधळून पाहतात.

भाववाढचा मुलगा पुण्याला संगणकाच्या नोकरीत आहे, शेतकरी मित्राचा नाशिकला. दोघांच्याही घरी खळ्याचे आणि शेताचे पुढे काय, हा विषय निघतो आणि तसाच राहतो. या बाबतीत चांदवड एकटे नाही. मासिकाच्या वाचकांपैकी अनेकांच्या दुकानाच्या गादीवर हाच प्रश्न बसलेला असेल.

एका चिठ्ठीविषयी लिहावयाचे राहिले. आमच्या वर्गातील पहिला क्रमांक एका मुलीचा असे. सुवाच्य, रेखीव, समासासह आखलेल्या तिच्या वह्या वर्गभर फिरत; म्हणून नाव ‘टिपणवही’. चिठ्ठीत लिहिले होते: ‘परीक्षा ही एकटी देणार, उत्तीर्ण आम्ही सगळे होणार.’ झालेही तसेच. तिला सनदी लेखापाल व्हावयाचे होते. त्यासाठी नाशिकला राहावे लागले असते, आणि ते घरी मानवले नाही. बारावीनंतर वर्षभरात ती मालेगावला सासरी गेली. मुलीच्या बुद्धीचा भाव आपल्या समाजाने त्या काळी फार कमी लावला, हे लिहिताना मला संकोच वाटत नाही. मुलासाठी नाशिकला खोली घेणारी तीच घरे होती.

सासरी तिने बाहेरून पदवी पूर्ण केली. दुकानाचा रोजमेळ मुनीमजींच्या हाती होता आणि तो तिला पाहावयास मिळत नसे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला. मुनीमजींनी दोन महिने नव्या विवरणपत्रांशी झुंज दिली आणि वयाचे कारण देऊन रजा घेतली. सासऱ्यांनी दुकानात एक खुर्ची वाढविली. आज त्या बाजारपेठेतील सात-आठ पेढ्या विवरणपत्र भरण्यापूर्वी तिच्याकडून कागद तपासून घेतात. तिच्या वह्या अजूनही फिरत आहेत, असे म्हणावयास हरकत नाही. फरक इतकाच की आता ती शुल्क घेते.

गेल्या दिवाळीत एका नोंदीविषयी तिला विचारावयाचे होते, म्हणून दूरध्वनी केला. काम दोन मिनिटांत झाले. वर्गातील कोणकोण भेटते, असे तिने विचारले. भाववाढ परवाच भेटला, असे मी सांगितले.

“भेटला की सांग त्याला,” ती म्हणाली, “माझी भूगोलाची वही अजून यायची आहे.”