आजकालच्या गोष्टी

वाचनालयाच्या यादीत कादंबऱ्यांचे दोन मोठे गट असत : सामाजिक आणि ऐतिहासिक. ऐतिहासिक मागणारा मुलगा घराण्याचे नाव काढणार, आणि सामाजिक मागणारी मुलगी जरा डोळ्यात तेल घालून सांभाळायची, असा वडीलधाऱ्यांचा हिशेब होता. मी दोन्ही मागत असे. त्यामुळे माझ्याविषयी कोणालाच निश्चित मत बनवता आले नाही!

माझे माहेर सांगलीचे, सासर साताऱ्याचे. आज ज्याला आपण सांगली जिल्हा म्हणतो, त्याचे नाव १९४९पासून १९६०पर्यंत 'दक्षिण सातारा' असे होते. मुलूख तोच, माणसे तीच, कृष्णामाईही तीच. पाटी तेवढी बदलली. कादंबऱ्यांवरच्या पाट्याही अशाच बदलतात, आणि त्या बदलताना मी साठ वर्षे पाहत आले आहे.

सासरी मामंजींचे कपाट निखळ ऐतिहासिक. नाथमाधव, हडप, हरिभाऊंचा 'उषःकाल'. वाचताना त्यांच्या हातात शिसपेन्सिल असे, आणि लेखकाने जरा स्वैर संचार केला की समासात एकच शब्द उमटे : 'आधार?' १९६८ साली 'श्रीमान योगी' निघाली, ती त्यांनी लगेच विकत घेतली. नरहर कुरुंदकरांची प्रस्तावना दोनदा वाचली, कादंबरी एकदा. त्यांच्या 'स्वामी'च्या प्रतीत तर रमा नि माधवराव एकांतात बोलू लागले, की पानोपानी 'आधार?' 'आधार?' शेवटी एकदा सासूबाई म्हणाल्या, "अहो, नवराबायकोच्या बोलण्याला कसला आधार मागता? तिथं काय कारकून बसला होता लिहून घ्यायला?" मामंजी निरुत्तर झाले, पण पेन्सिल काही सुटली नाही.

'स्वामी' माझीही आवडती. १९६२ साली ती आली आणि आमच्या पिढीच्या बायका थेऊरच्या प्रसंगाला पदर ओले करकरीत करून बसल्या. माधवराव १७७२त गेले, अवघ्या २७व्या वर्षी. पण कादंबरीतले ते दांपत्य मला १७७२चे कमी आणि १९६२चेच अधिक वाटते. थकून घरी आलेला कर्तबगार नवरा, त्याचे मन ओळखणारी समंजस बायको आणि दोघांच्या मध्ये घरातलीच वडील माणसे! असा संसार तेव्हाच्या प्रत्येक मुलीला हवा होता. ऐतिहासिक कादंबरी हाती आली की मी आधी प्रकाशनाचे साल पाहते ते यासाठीच. कथेचे साल लेखक सांगतोच. त्याच्या मनाचे साल त्या पानावर असते.

साताऱ्याच्या माणसाला आणखीही एक गोष्ट खटकते. पेशवाईवरच्या कादंबऱ्यांत सातारा म्हणजे पेशवेपदाची वस्त्रे आणायचे ठिकाण, याउपर त्याला काही काम नाही. खरे नाट्य इथे पुढेच घडले. कंपनी सरकारने १८३९त प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढून काशीला धाडले. त्यांची दाद मागायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि वर्षानुवर्षे तिथे अर्ज-विनंत्या करीत राहिले. १८४७त महाराज काशीलाच वारले, १८४८त राज्यही खालसा झाले. तरी गडी हटला नाही. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्यावर ग्रंथ लिहिला आहे. परंतु तलवारीऐवजी अर्जाने लढणारा नायक कादंबरीकारांना फारसा भुलवत नाही. अर्ज हातात घेऊन घोड्यावर बसवायचे तरी कसे?

सांगलीची तऱ्हा वेगळी. वि. स. खांडेकर १८९८ साली सांगलीत जन्मले, एवढ्या भांडवलावर माझी आई त्यांना 'आमचे खांडेकर' म्हणे आणि 'उल्के'तली वाक्ये वहीत उतरवून घेई. फडके ती चोरून वाचे. गंमत अशी, की खांडेकरांच्या ज्या कादंबऱ्या त्या वेळच्या समाजावर होत्या, त्यांतली माणसे आता मला सुभाषितांतच बोलतात असे वाटते. आणि पुराणातली गोष्ट सांगणारी 'ययाति' मात्र १९५९पासून आजतागायत शिळी झालेली नाही. ययातीची हाव आता दुकानादुकानांत मांडलेली असते. आणि फडक्यांच्या टेनिस खेळणाऱ्या नायक-नायिकांचे म्हणाल, तर तेच आता ऐतिहासिक झाले आहेत. १९३०च्या सुमारास आपल्याकडचा देखणा तरुण देखणेपणा कसा मिरवीत असे, हे पाहायला त्यांच्याइतके चांगले साधन नाही.

पण पाटी बदलते म्हणजे काय होते, ते मी पहिल्यांदा पाहिले ते सांगलीच्या आमच्या माजघरात.

वडिलांची एक आत्या आमच्याकडे असे. लाल अलवण, पदराखाली केशवपन केलेले डोके. अकराव्या वर्षी तिचे कपाळ पांढरे झाले होते. आम्ही सगळे तिला आत्याबाई म्हणत असू. तिला अक्षरओळख नव्हती. दुपारी ती वाती वळत बसे आणि मी तेरा वर्षांची मुलगी तिला वाचून दाखवी. 'उषःकाल' तिने फार रंगून ऐकली. मग मी हरिभाऊंचीच 'पण लक्षात कोण घेतो?' काढली. यमूचे लहानपण, लग्न, सासर इथपर्यंत आत्याबाई हूं हूं करीत होती. पुढे यमू विधवा झाली, तिच्या केसांपर्यंत गोष्ट आली, तशी ती म्हणाली, "मिटव ते पुस्तक. यात वाचायचं काय आहे?" मी मिटवले. दुसऱ्या दिवशी जेवणे झाली, वातींचा कापूस पुढे आला आणि तिनेच विचारले, "काल कुठे होतो आपण?"

शेवटचे पान झाल्यावर ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "लिहिणारा पुरुष ना? मग त्याला हे कोणी सांगितलं?"

हरिभाऊ १८९०पासून 'करमणूक' पत्रात अशा कादंबऱ्या क्रमशः छापत, तेव्हा त्यांना त्यांनी नाव दिले होते 'आजकालच्या गोष्टी'. माझ्या नातीने परवा यमूची गोष्ट वाचली आणि मला विचारले, "आजी, ही ऐतिहासिक कादंबरी आहे ना गं?" मी हो म्हटले. आमच्या कुळवृत्तांतात आत्याबाईच्या नावापुढे 'बालविधवा' एवढा एकच शब्द आहे. मामंजींची पेन्सिल 'आधार?' म्हणून विचारू लागली, तर दाखवायला माझ्याजवळ यमूखेरीज काही नाही.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली आली. आटपाडीच्या बाजूचा तो माणदेश पूर्वी औंध संस्थानात होता. आज संस्थान नाही, तसला एकशिक्षकी शाळेतला बावरलेला मास्तर नाही. टेंभू योजनेने कऱ्हाडजवळून कृष्णेचे पाणी उचलून आटपाडीपर्यंत नेले आहे नि तिथे डाळिंबाच्या बागा आहेत. बागेत वाढणाऱ्या पोराला, दुष्काळाने एक अख्खे गाव उठून कसे जाते, ते कुठली बखर सांगणार? आणि वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा' (१९५९) घ्या. राणोजीने जोगिणी गावात आणली आणि तिच्यापायी आपले शिर दिले, याची नोंद सरकारी दप्तरात शोधू जाल तर फार तर गुन्ह्यांच्या वहीत! मामंजींच्या कपाटात 'फकिरा' नव्हती. त्यांच्या निधनानंतर मी ती हडपांच्या पेशवाईशेजारी नेऊन ठेवली आहे.

२०२६च्या जानेवारीत साताऱ्याला ९९वे मराठी साहित्य संमेलन झाले, तेव्हा अध्यक्षपद विश्वास पाटलांकडे होते. घरात सगळ्यांचे समाधान झाले, पण वाद पेटलाच. माझा मुलगा आजोबांवर गेला आहे. त्याच्या मते पाटील म्हणजे 'पानिपत' (१९८८). ती कादंबरी मोठी आहेच; भाऊसाहेबाच्या माथी बसलेला दोष पुसायला तिने पुष्कळ हातभार लावला. पण मला विचाराल तर मी 'झाडाझडती' (१९९१) वर ठेवीन. पानिपतची पत्रे आहेत, बखरी आहेत. कादंबरी नसती तरी १७६१ कोणी विसरले नसते. धरणात बुडालेल्या गावातला एखादा म्हातारा नव्या वसाहतीच्या माळावर पहिल्या रात्री कसा झोपला, हे पत्रात नाही की बखरीत नाही. कोयना आमच्याच जिल्ह्यात आहे. तिच्या विजेवर दिवा लावून वाचणाऱ्याने तरी हे पुस्तक टाळू नये.

मुलाला हे पटलेले नाही. तो म्हणतो, शंभर वर्षांनी लोक 'पानिपत'च वाचतील. वाचोत बापडे.

मला आता वाचायची आहे ती २०१९च्या ऑगस्टमधल्या सांगलीच्या पुराची कादंबरी. त्या पुरात माणसांचे संसार गेले, तशी वाचनालयातली पुस्तकेही भिजून लगदा झाली. आमच्या माहेरच्या घरात छातीभर पाणी होते आणि आईची ती वही त्यातच गेली. कोणी सांगलीकर हे लिहीत असेल, तर त्याने जरा हात उचलावा. माझ्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला आहे, दुसऱ्याची तारीख मिळाली आहे.